वाचू नको, बघ

५ जानेवारी

गाठच निघाली! आमच्या ह्यांच्या गळ्यात. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल.

दवाखान्यात खिडकीवरच्या पोरीनं मला विचारलं, "पेशंटचं नाव?" मी लेकाकडं, परमेश्वरकडं बघितलं. त्यानंच सांगितलं. पोरगी हसली — "आजी, नवऱ्याचं नाव येत नाही का?" आता हिला काय सांगावं!

९ जानेवारी

नात आली सुट्टीला. शीतल. कॉलेजात छापचित्रं शिकते. संगं पोळपाटाएवढे लिनोचे तुकडे, रबरासारखे. त्यावर एकच शब्द उलटा कोरायचा, रूळानं शाई लावायची, वर कागद टाकून पाठीमागून घासायचं. यंत्र कॉलेजात, म्हणून इथं माझ्या वरणाच्या पळीनं घासलं. पळी काळी झाली ती झालीच.

पहिला छाप 'ऊन'. कागदभर दोनच अक्षरं. मी चटकन वाचलं, तर म्हणते, "आज्जी, वाचू नको, बघ."

घ्या! परमेश्वरच्या पाटीवर चोरून अक्षरं गिरवली, जावांचं हसू सोसलं, एस्टीच्या पाट्या वाचत वाचत शिकले — आणि ही म्हणते वाचू नको!

मंग बघत बसले. बघता बघता ऊची शेपूट उन्हात लोळणाऱ्या कुत्र्यासारखी दिसायला लागली. खरंच.

१० जानेवारी

ह्यांना अक्षर येत नाही. मेंढरांमागं जन्म गेला. 'पाणी'चा छाप खाटेवरून बघितला अन् म्हणाले, "ह्यो दांडा लई ताठ. पाणी असं उभं ऱ्हातं व्हय?"

"आबा, तो काना हाय!"

"असंल काना. पाणी न्हाई ते."

दोघं घटकाभर भांडली. गळा बसलाय, पण भांडायला पुरतो!

१३ जानेवारी

शीतलनं सगळ्यांना एकेक शब्द मागितला. परमेश्वर म्हणाला, 'ट्रॅक्टर'. "बाबा, कोरताना माझी बोटं जातील!" मी सांगितला 'भाकर'. ह्यांनी तिला जवळ बोलावून कानात सांगितलं. मी विचारलं तर, "तुला काय करायचं?"

मेंढरांची हाक असणार, दुसरं काय. चार शेतांपलीकडून कळप वळवायचा हा गळा. मलाही तशीच आरोळी — "अगं ए!" लग्न झाल्यापासून माझं नाव तेच. आता तीही जाणार. बाकी सगळं निभेल, पण घरात माणूस अन् हाक नाही, म्हणजे कालवणात मीठ नाही. हेच मनाला लागून राह्यलंय.

२१ जानेवारी

ऑपरेशन झालं.

४ फेब्रुवारी

घरी आणलं. गळ्याला भोक, त्यातूनच श्वास. मला बोलवायचं तर वाटी वाजवतात. मी म्हणाले, "मी काय शेळी हाय, वाटी वाजली की यायला?" हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

चुलीपाशी जाऊन रडून घेतलं. नाव धुराचं.

१५ फेब्रुवारी

शीतल छाप घेऊन आली. 'भाकर' बरी आलीय, कडेला जरा करपल्यासारखी. ह्यांचा शब्द गुंडाळून ह्यांच्याच हातात दिला. "आज्जी, तुला मी न्हाई दाखवणार." गुंडाळी उशाखाली गेली.

१६ फेब्रुवारी

दुपारी गोठ्यात शेण भरत होते. वाटी वाजली. वळून बघते तर हे दारात उभे, वाटी पायाशी ठेवलेली, दोन्ही हातांनी छाप छातीशी धरलेला. लाल शाईचा.

आधी कळेचना. उलटा धरलेला! वरची रेघ खाली, अक्षरं डोक्यावर उभी. मी मान वाकडी केली.

'गोपिका'.

एवढ्या वर्षांत ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही ते माझं नाव. हे माझ्याकडं बघत राह्यले, मी कागदाकडं. सरळ करायला गेले नाही. शेणाचे हात होते.

३ मार्च

तपासणी. खिडकीवर तीच पोरगी. "पेशंटचं नाव?" परमेश्वर तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, चांगलं मोठ्यानं —

"रायभान!"