सर्व्हरची अक्षय्य तृतीया

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ९:४०
आजपासून रोज लिहिणार. मोठी कामं करणाऱ्या माणसाने नोंद ठेवावी.
जासईच्या आमच्या कंटेनर यार्डात एकच मोठं मशीन. त्याच्या पोटात सहा सर्व्हर चालतात: गेटपास, वजनकाटा, कस्टम्सचे कागद वगैरे. त्या सहांना सांभाळणारं सॉफ्टवेअर काल बंद पडलं. २०१२ चं आहे. मीच टाकलं होतं. बनवणाऱ्यांनी सपोर्ट कधीच बंद केला. मी नाही केला.
आमच्या नव्या आयटी हेड मनिषा मॅडम म्हणाल्या, मार्चअखेर चालू झालं तर ठेवू. नाहीतर नवी सिस्टिम, आणि मग सर्व्हर रूममध्ये तुमची गरज आहे का तेही बघू. मी हसलो. म्हटलं, दोन दिवस पुरे.

दुपारी ४:००
जुनी डीव्हीडी घालून सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला घेतलं. ६४ टक्क्यांपर्यंत मस्त गेलं. मग एरर. मग टाकलेलं सगळं त्याने स्वतःच परत काढून टाकलं. ताट वाढून ओढून घ्यावं तसं. डीव्हीडीवर धूळ असणार.

२० मार्च, गुरुवार
पुन्हा ६४. धूळ नव्हती.
जीवन म्हणाला, सर, सॉफ्टवेअरच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत सोमवारीच संपलीय, काही केलं तरी होणार नाही. जीवन माझा असिस्टंट. आठ वर्षांपूर्वी केबल कुठे खोचायची तेसुद्धा मी दाखवलं त्याला. आता मला शिकवतोय! विचारलं, तुझ्याकडे किती सर्टिफिकेटं आहेत रे?
संकल्प: जीवनशी कामापुरतंच बोलायचं.

२२ मार्च, शनिवार
सर्टिफिकेटच निघालं. मला संशय होताच.
तेरा वर्षं जपलं या सॉफ्टवेअरला. दर दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार, स्वतः घालायचो. आणि हे मला मुदत संपल्याची पाटी दाखवतं. काही लाज?

२४ मार्च, सोमवार
नेटवर एका परदेशी माणसाने हाच प्रश्न विचारलेला. खाली दोन दिवसांनी त्यानेच लिहिलंय, झालं, जमलं. कसं जमलं ते नाही लिहिलं. जगात माणुसकी उरलेली नाही.
गेटवर बसणारे दाजी म्हणतात, हरेश, मेलं ते, आता उठाचा नाय. आमी पन गेटची वही सोडलीच ना, कंप्युटर आला तवा. गेटवाल्यांनी गेट बघावं.

२७ मार्च, गुरुवार
सातवा प्रयत्न. ६४.
शोभाला सांगितलं, काम जवळजवळ झालंच. बायको काही बोलली नाही. अभिमानाने बोलवत नसेल.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६:००
सापडलं! मशीनचं घड्याळ मागे न्यायचं. २०१६ मध्ये सर्टिफिकेट ठणठणीत होतं.
अडचण: रविवारी पाडवा, सोमवारी ईद, दोन्ही दिवस ऑफिस बंद. उरला उद्याचा शनिवार, आणि उद्या अमावस्या. अमावस्येला मी आजवर साधा स्क्रू पिळलेला नाही.
मग डोकं चाललं. तारीख बदलायचीच आहे तर चांगल्या दिवसावर न्यावी. जुनी पंचांगं काढली. ९ मे २०१६, अक्षय्य तृतीया! मशीनच्या आत साडेतीन मुहूर्तांतला एक. बाहेर अमावस्या आहे हे त्याला कोण सांगायला जातंय?

२९ मार्च, शनिवार. सकाळी १०:१५
तारीख बदलली. नारळ फोडला.

११:०५
१०० टक्के!!! सहाही सर्व्हर हिरवे. जीवनला मुद्दाम हाक मारून दाखवलं. नुसता बघत राहिला. जळाला.

१२:३०
गेटवर काहीतरी गडबड आहे म्हणे. माझा संबंध नाही.

१:१०
संबंध आहे. सहाही सर्व्हर मोठ्या मशीनचंच घड्याळ बघतात. सव्वादहापासूनचे सगळे गेटपास ९ मे २०१६ चे निघाले. कस्टम्सचा माणूस एकही कंटेनर सोडेना. ट्रेलरची रांग हायवेपर्यंत. ड्रायव्हर माझ्या नावाने शिव्या घालतायत. नाव कुणी सांगितलं? दाजींनी! विचारलं तर म्हणाले, त्यांनी इचारलं, मी सांगितलं, आमी खोटं नाय बोलत.

२:००
जीवनने आजची तारीख घातली. घातल्याबरोबर माझं सॉफ्टवेअर लाल. पाच मिनिटं तरी थांबायचं. तेरा वर्षांची ओळख होती.

१ एप्रिल, मंगळवार. रात्री जेवण झाल्यावर
मॅडम ओरडतील वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. नवी सिस्टिम आज सकाळी सुरू झाली. जानेवारीपासून तयार होती, जीवनने उभी केलेली. सगळ्या यार्डाला माहीत होतं. दाजींनासुद्धा.
मग मला हे दोन आठवडे कशाला दिले? जीवन खाली बघत म्हणाला, सर, मीच मॅडमना विनंती केली. तुम्ही स्वतः करून बघितलंत, स्वतः सोडलंत, तर कमी लागेल असं वाटलं.
कमी लागेल! त्याने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ही दया नको होती.
खांदा कॉलनीत घरी आलो. शोभाला धक्का बसेल म्हणून आधी पाण्याचा ग्लास आणला. तिने तो माझ्याच हातात परत दिला. जीवनच्या बायकोने तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवातच सांगितलं होतं. अडीच महिने माझ्या घरात माझ्यापासून लपवलं! मी चिडून विचारलं, का नाही सांगितलंस?
म्हणाली, अहो, हे गेले दोन आठवडे तुम्ही शीळ घालत ऑफिसला जात होतात. किती वर्षांनी. कसं सांगणार?
उद्यापासून माझी ड्युटी गेटवर, दाजींच्या शेजारच्या खुर्चीत, सकाळी आठला.
मी शीळ घालत होतो, हे मला माहीतच नव्हतं.