मालकाच्या रकान्यात

आरमोरी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेशले भागाबाईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहो, असं लिवाची रीत हाये म्हणून लिवलं. ठीक काई नाई. फोनवर बोलता येत नाई. एकच खोली, बाबा सारं आयकतात. मेसेज आला का आमची दिव्या आजोबाले मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून कागद.

लकव्याच्या आधी दोन वर्षं बाबा सांगत गेले अन् मी मोबाईलवर टाईप करत गेली, ते तलावाचं सारं बंद पडलं रे! मरळ मासळी कुठी अंडी घालते, कोणत्या महिन्यात जाळं टाकाचं नाई, अठ्ठेचाळीस पानं. सारं त्या ऑनलाईन फाईलीतच होतं, दुसरी प्रत नाई. एका सरानं लिंक मागतली, मी भोळी, देऊन बसली. त्यानं तेच स्वतःच्या नावानं पुस्तक करून छापलं, अन् आता तक्रार केली का आपणच त्याची नक्कल मारली! चोराच्या उलट्या बोंबा. कंपनीनं कॉपीराइटचा नियम दाखवून फाईल काढून टाकली. बाबाची वाचा गेली, आता कोणाले विचारू?

चौदा तारखेपर्यंत उलट जबाब भरला नाई तर कायमची पुसतीन. फॉर्म इंग्रजीत हाये. पासवर्ड मागच्या बाजूले लिवला. तू बारावी शिकला, तूच भर. मोठी आहो म्हणून पाया पडत नाई, पण पडल्यासारखंच समज.

तुही काळजीत बुडालेली बहीण,
भागाबाई

घुग्घुस, १० फेब्रुवारी २०२५

ती. भागाबाईले भूपेशचा शि. सा. न.

कागद भेटला. खाणीतून सुटलो अन् धुळीच्या तोंडानंच फॉर्म भराले बसलो. नाव, पत्ता, सारं भरलं. शेवटी विचारलं होतं, हे लिखाण तुमच्या मालकीचं हाये का, खोटं लिवलं तर कायदेशीर कारवाई. मी मोबाईल खालीच ठेवून देला ना बाई!

मंग बाबा आठवले. लहानपणी मी एकडाव 'माहे मासे' म्हणलो, तर त्यायनं टोपलीच पाण्यात पालथी केली होती. कोणी विचारलं मासे कोणाचे, तर ढिवराच्या पोरानं एकच सांगाचं, तलावाचे. म्हणून मी खरं तेच लिवलं: आमच्या मालकीचं नाई, तलावाचं हाये. खऱ्याले काऊन भ्याचं? आता बिनघोर झोप.

माया अशीच ठेव.
तुहा भूपेश

आरमोरी, १९ फेब्रुवारी २०२५

चि. भूपेशले आशीर्वाद.

कंपनीचं उत्तर आलं. मालकी तुम्हीच नाकारली, सबब फाईल कायमची काढली. दोन दिवस तुले मनातल्या मनात अशा शिव्या देल्या का विचारू नको.

काल दिव्यानं ते उत्तर बाबाले वाचून दाखवलं, तुह्या जबाबासकट. मले वाटलं, संपलं आता. तर बाबा हसले! अर्ध्याच तोंडानं, पण वर्षभरात पयल्यांदा हसले. मंग रडाले लागले ते थांबेच नाई. त्यायनं फॉर्म भरला असता तर हेच लिवलं असतं, मंग तुह्यावर रागावू तरी कशी? राग गेला, पण पानं नाई आली.

आता मी आठवून आठवून सांगतो अन् बाबा माहं बोट दाबतात. बरोबर असलं तर एकडाव, चुकलं तर दोनदा. काल सहा ओळी जमल्या. सातवीले दोनदा दाबलं. पुन्हा सांगतली, पुन्हा दोनदा. बरोबर काय ते त्यायले माहीत हाये, पण सांगाले तोंड नाई. मी हात धरून रडली. आज त्यायनं पेजही घेतली नाई.

लहानपणी तू त्यायच्या डोंग्यात बसून तलावात जाये, मी नाई. जे आठवते ते घेऊन ये. लोभ तर हायेच, पण आता कागद धाडू नको, तू ये.

भागाबाई