तपासनीस बाई आमच्या घरी येतात

तीर्थरूप मामांस,

प्रभूच्या नावाने सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना जिना चढताना दम लागतो असं मागच्या पत्रात होतं, तो कमी झाला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (सर्व म्हणजे मी आणि तुमची भाचेसून. त्यातली ती जास्त खुशाल आहे. का, ते पुढे कळेल.)

चाळीस वर्षं पाळकपण करून निवृत्त झालेल्या माणसाला हे कळवायला संकोच वाटतो, पण दुसऱ्या कोणाला लिहिलं तर ते चर्चच्या मंडळीभर फिरेल. गेला महिनाभर मी रविवारच्या उपासनेत एकाच विषयावर बोलत होतो : निकोप शिकवण, आणि त्या शिकवणीला शोभेल असं पाळकाचं वागणं. विषय रंगला. तिसऱ्या रविवारी तर लोक घड्याळ बघेनासे झाले, आणि लोक घड्याळ बघेनासे झाले की पाळकाचा तोल जातो, हे तुम्हाला मी काय सांगावं! मी बोलून गेलो, "माझी शिकवण खरी की खोटी हे इथे बसून ठरवू नका. घरी येऊन बघा. दार उघडंच असतं." वाक्य छान झालं. (दार बंद असतं. वारा आला की स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आपटतं. पण एवढं बारीक सांगत बसलं तर प्रवचनाला जोर येत नाही.)

सोमवारी सकाळी नऊला घंटी वाजली. आमच्या मंडळीत एक बाई आहेत, त्यांनी तीस वर्षं शाळा तपासल्या. सगळे त्यांना तपासनीस बाई म्हणतात. त्या नोकरीतून निवृत्त झाल्या, तपासणीतून नाही. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. मी त्या वेळी बनियनवर, स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली, गळक्या पाइपाला फडकं गुंडाळत पालथा पडलो होतो. मी तुमच्या भाचेसुनेला खुणेने सांगितलं की पाळक प्रार्थनेत आहेत असं सांग. लग्नाला अकरा वर्षं झाली, ती कधी खोटं बोललेली नाही. आणि यात आपण काही विशेष करतो असं तिला वाटतही नाही, हे तर त्याहून अवघड. तिने दार उघडून सांगितलं, "ते म्हणतायत, ते प्रार्थनेत आहेत असं सांग."

बाई बसल्या. वही उघडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. आता निदान बोललेलं खरं तरी करावं म्हणून मी चवड्यांवर चालत झोपायच्या खोलीत गेलो आणि गुडघे टेकले. प्रार्थनेत असल्याचं कळवल्यावर किती वेळाने बाहेर यावं, हे आपल्या धर्मविद्यालयात शिकवत नाहीत. मी तासाभराने आलो. बाईंनी विचारलं, "काय मागितलंत?" मी म्हणालो, "क्षमा." तेही त्यांनी लिहून घेतलं.

बुधवारी बाई पुन्हा आल्या तेव्हा नळवाला आलेला होता. हा आमच्याच मंडळीतला, शेवटच्या बाकावर बसणारा, अबोल माणूस. पाइप दुरुस्त करायची त्याची ही तिसरी खेप. त्याने नळ सोडला, आणि पाणी थेट माझ्या प्रवचनाच्या कागदांवर उडालं. (ते बेसिनजवळ कोणी ठेवले, हा प्रश्न तुमच्या भाचेसुनेने नंतर विचारला. मी ठेवले होते.) मी ओरडलो. बरंच ओरडलो, आणि शेवटी म्हणालो, "तुला हात दिले तिथेच देवाची चूक झाली." दारातून बाई शांतपणे म्हणाल्या, "देवाची चूक झाली, हे शिकवणीत बसत नाही." नळवाल्याने पाना पिशवीत टाकला, हात पुसले. जाताना एवढंच म्हणाला, "रविवारी तुम्ही वेगळं बोलला होता."

गुरुवार-शुक्रवार मी पुढचं प्रवचन लिहिलं. विषय आधीच जाहीर झालेला होता : जिभेवर ताबा. चार मुद्दे झाले, आणि त्यातला एकही मला मोठ्याने वाचवेना. शनिवारी नळवाल्याला शोधत निघालो. पश्चात्तापाने निघालो की ती वही चर्चच्या वडीलमंडळापुढे जाईल या धाकाने, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तो एका न्हाव्याच्या दुकानात बेसिनखाली शिरलेला होता. बाहेर फक्त पाय. तीन गिऱ्हाइकं बसलेली, एकाच्या अर्ध्या गालाला साबण. मी त्या पायांची माफी मागितली. सगळं सांगितलं, हातांबद्दल बोललो तेही. न्हाव्याचा वस्तरा थांबला होता. मग आतून आवाज आला, "बॅटरी धरा जरा. इथे दिसत नाही." मी जमिनीवर बसून तासभर बॅटरी धरली. त्याचे हात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. दोन बोटं वाकडी आहेत, मिटत नाहीत. मला ठाऊक नव्हतं. मी त्याचा सहा वर्षं पाळक आहे.

रविवारी चारही मुद्दे बाजूला ठेवले आणि घडलं ते सांगितलं. सात मिनिटं लागली. नळवाला आपल्या बाकावर होता, खाली बघत. उपासना संपल्यावर बाईंनी वही माझ्या हातात दिली. सोमवारखाली लिहिलं होतं : 'पाळक प्रार्थनेत नव्हते. हे कळल्यावर मला बरं वाटलं. का वाटलं?' बुधवारखाली : 'पाळकांची चूक दाखवली. नळवाल्याची बाजू घ्यायला हवी होती, ते सुचलं नाही.' मागची पानं चाळली. वर्षानुवर्षांची तपासणी, आणि ती सगळी बाईंची स्वतःचीच, दुसऱ्या कोणाचीच नाही. मी वही परत करू लागलो, तर म्हणाल्या, "खाली सही करा. सहीशिवाय तपासणी पुरी होत नाही." मी केली.

मामींना सलाम सांगावा.

तुमचा भाचा

ता. क. पत्र तुमच्या भाचेसुनेने वाचलं. ती म्हणते, प्रार्थना तासभर नाही, चाळीस मिनिटं झाली, आणि त्यातली शेवटची पंधरा मिनिटं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो.

पुन्हा ता. क. हे पत्र खरं तर एका विनंतीसाठी आहे. बाईंनी विचारलं, तुम्हाला घडवलं कोणी? मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं आणि त्यांनी मागितला म्हणून पत्ताही दिला. त्या येत्या गुरुवारी तुमच्याकडे पोचतील. आठ दिवसांचे कपडे आणि कोरी वही घेतली आहे. कृपया घरीच असावं. तुम्ही मला आजवर काय काय शिकवलंत, ते मी त्यांना सविस्तर सांगितलं आहे. तेवढं आठवून ठेवलंत म्हणजे झालं.