पऱ्याच्या आळीतली दहा फूट जागा

मी, लीला दत्तात्रय नेरूरकर, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय वास्तुरचनाकार, राहणार पऱ्याची आळी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र आज रविवारी दिवसाउजेडी, माझ्या घराच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. येत्या गुरुवारी कोल्हापुरात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही; पण त्यांनीही माझ्याकडून एका कागदावर सही घेतली आहे, तेव्हा मीही एक कागद करून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. हात सहा महिन्यांपासून किंचित थरथरतो. त्यावरून कोणी भलता अर्थ काढू नये. आपल्यावर कोणाचा दबाव नाही असं अशा कागदात लिहायची पद्धत आहे. माझ्यावर दबाव आला. तो कोणी आणि कसा आणला ते कलम चारमध्ये लिहिलं आहे. हा कागद त्या दबावाखाली नव्हे, त्याच्या विरुद्ध केला आहे.

टाइप न करता हाताने लिहिण्याला कारण आहे. माझं खरं अक्षर आणि खरी सही कशी असते, हे माझ्यामागे कोणाला तरी ताडून पाहावं लागेल.

२०११ साली केलेलं माझं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही शार्दूलला दिलं होतं.

कलम १. मी अविवाहित आहे. शार्दूल हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याची आई आधीच गेली होती आणि तो नऊ वर्षांचा असताना माझा भाऊही वारला. तेव्हापासून तो माझ्याकडे वाढला. गेली चौदा वर्षं तो माझ्याच ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून काम करतो. त्याची बायको सावनी लांज्याच्या शाळेत गणित शिकवते. ती दोघं स्वतंत्र राहतात. याशिवाय मला जवळचे वारस नाहीत.

कलम २. पऱ्याच्या आळीतली नऊ गुंठे जमीन मी १९८३ साली माझ्या कमाईतून घेतली आणि पुढच्या वर्षी त्यावर घर बांधलं. वडिलोपार्जित काही नाही, म्हणून हवं त्याला देण्याचा मला पूर्ण हक्क आहे.

हे घर असं का आहे, तेही लिहून ठेवते. मी मुंबईहून शिकून आले होते आणि डोक्यात सपाट छपराचं, सगळीकडून बंद असं घर होतं. आराखडा घेऊन जागेवर उभी असताना आळीच्या खालच्या टोकाच्या घरातली कमळा बघायला आली. तिचा नवरा सदू भाटकर तेव्हा मासेमारीची बोट चालवणारा तांडेल होता.

"बाई, बसायचं कुठं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आत हॉल आहे.

"आत नको, भायेर. वाटेनं जाणाऱ्यानं दोन घटका टेकायचं कुठं?"

मग तिने मला आळीतल्या अकराच्या अकरा घरांतून फिरवलं. प्रत्येक घराचा ओटा रस्त्याकडे तोंड करून होता आणि त्याची उंची अशी, की डोक्यावरची टोपली न वाकता उतरवता यावी. एका घराची पागोळी दुसऱ्याच्या भिंतीवर पडत नव्हती. घरांच्या मागे दहा-दहा फूट जागा मोकळी होती, कारण सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी माळावरून, उतरणारा पावसाळी ओहोळ, आम्ही त्याला पऱ्या म्हणतो, तिथून खाली खाडीकडे जातो.

"त्याला वाट ठेवायची," कमळा म्हणाली. "आठ महिने दिसत नाय, तरी असतो तो."

मी टेप आणून सगळे ओटे मोजले. आधीचा आराखडा पुन्हा उघडला नाही. पुढे बाईंची घरं शेजारात मिसळून जातात म्हणून लोक मला कामं देऊ लागले. ते शिक्षण कमळाचं होतं. तिच्या हयातीत मी हे कोणापुढे बोलले नाही.

कलम ३. २००६ साली आळीच्या खालच्या तोंडाशी, सदूच्या घराला लागून, चार मजली इमारत झाली. रचना माझी. बिल्डरचं नाव माझ्या वकिलांनी लिहू दिलं नाही. माझ्या पहिल्या नकाशात मागच्या आवारभिंतीला पऱ्यासाठी तीन मोऱ्या होत्या, प्रत्येकी चार फुटी. भिंतीचा पाया त्याप्रमाणे भरलाही होता. मग बिल्डर म्हणाला, "मॅडम, या मोऱ्यांपायी चार गाड्यांची जागा जाते. शिवाय आवारातून गढूळ पाणी वाहताना बघून फ्लॅट कोण घेणार?"

मी दोन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी नकाशा बदलला आणि सही केली. मोऱ्यांच्या जागा एकेरी चिऱ्यांनी बुजवल्या आणि एक नऊ इंची पाइप ठेवला. दर्शनी बाजूला मात्र जांभ्याच्या फरश्या लावल्या, कौलांचा उतार दिला, लाकडी कठडे काढले. त्या इमारतीला एका संस्थेचं प्रशस्तिपत्र मिळालं. "परिसराच्या स्वभावाशी नातं सांगणारी वास्तू" असं त्यात छापलं आहे. मी आळीचा चेहरा उचलून भिंतीला चिकटवला होता आणि तिचा स्वभाव त्याच इमारतीच्या मागे बुजवला होता. प्रशस्तिपत्र हातात घेताना हे मला माहीत होतं.

जुलै २००९ मध्ये एका दुपारी, तीनच्या सुमारास, पऱ्याने वरून झावळ्या आणल्या आणि पाइप तुंबला. पाणी भिंतीमागे चढलं आणि सदूच्या घरात मागच्या दाराने शिरलं. सदू बहिणीकडे पालीला गेला होता. कमळा तापाने आत निजली होती. मी धावत पोचले तेव्हा आळीतले चार-पाच जण पहारी घेऊन भिंत फोडत होते, पण भलतीकडे, जिथे ती सर्वांत जाड होती. "तिथे नको, इथे घाला," असं म्हणून मी जागा दाखवली. दहा मिनिटांत भिंत फुटली आणि पाणी गेलं. वरच्या दोन घरांतली माणसं वाचली. कमळा पाण्यात बुडून गेली.

चौकशी झाली. भिंत मंजूर नकाशाप्रमाणे आहे असं निघालं. तो नकाशा माझाच होता. त्यापुढे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सदू मात्र सोळा वर्षं सगळ्यांना सांगत आला, "बाईंनी बरोबर जागा दाखवली म्हणून दोन घरं तरली." दर हंगामात पहिली सुरमई तो माझ्या दारात आणून देई. मी ती घेत होते आणि खात होते.

कलम ४. गेल्या सोमवारी, १० नोव्हेंबरला, सावनी शाळेतून परस्पर माझ्याकडे आली. पर्समधून घडी केलेला नकाशा काढून तिने माझ्यापुढे पसरला.

"आत्या, ही सही तुमची आहे का?"

नकाशा याच जमिनीचा होता. माझं घर पाडून, वरची दोन घरं एका बिल्डरने घेतली आहेत ती जागा जोडून, सात मजले. पऱ्याच्या पात्रावर भराव आणि भरावावर गाड्या. दर्शनी बाजूला जांभा आणि कौलं, माझ्या २००६च्या इमारतीवरून जशीच्या तशी उचललेली. खाली माझा शिक्का, आणि मालक व वास्तुरचनाकार अशा दोन्ही ठिकाणी माझी सही. हा नकाशा नगर परिषदेत दाखलही झाला होता. सही हुबेहूब होती. मी केलेली नव्हती.

"हे शार्दूलचं काम आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच आणलं," सावनी म्हणाली.

मंगळवारी मी त्याला ऑफिसात समोर बसवून विचारलं. तो गडबडला नाही.

"आत्या, तुझी सही मी किती वर्षं करतोय. बँकेच्या पत्रांवर, विजेच्या अर्जांवर. तूच सांगायचीस."

"घर पाडायला नव्हतं सांगितलं."

"ते तू कधीच सांगितलं नसतंस. आणि ऑपरेशनमध्ये तुझं काही बरंवाईट झालं तर सगळं अडकून पडेल. मी काय जन्मभर लोकांची कौलं बदलत बसू?"

"मी नगर परिषदेत लिहून देणार आहे, ही सही माझी नाही म्हणून."

तो उठला. कपाटातून एक लांब नळकांडं काढून त्याने टेबलावर ठेवलं. आत २००६चा पहिला ट्रेसिंग कागद होता, तीन मोऱ्यांचा.

"दे लिहून," तो म्हणाला. "मग मी हा सदूकाकांना दाखवतो. त्या दिवशी भिंत कुठे फोडायची ते तुला कसं ठाऊक होतं, ते कळू दे त्यांना."

मला राग आला तो नंतर. आधी माझीच रीत ओळखू आली. नकाशा कसा बदलायचा आणि मग गप्प कसं राहायचं, हे तो माझ्याच टेबलावर शिकला होता. मी हात पुढे करून नळकांडं उचललं. त्याने अडवलं नाही. मी ते नेऊन फाडणार असं त्याला वाटलं असावं.

कलम ५. बुधवारी सकाळी मी ते घेऊन सदूकडे गेले. तो ओट्यावर जुनं जाळं सांधत होता. मी ट्रेसिंग त्याच्यापुढे उलगडलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "सदूभाऊ, भिंत कुठे फोडायची ते मला ठाऊक होतं. पाण्याच्या मोऱ्या तिथेच काढल्या होत्या. मीच बुजवायला सांगितल्या."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. तिन्ही मोऱ्यांवर एकेक करून बोट ठेवलं.

"किती रुंद?"

"चार फूट."

"माणूस भायेर पडला असता."

"हो."

कागद त्याने स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "बाई, तुमी आता घरी जावा."

ट्रेसिंग मी तिथेच ठेवून आले. ते त्याचं आहे आणि माझ्या मिळकतीत धरू नये.

गुरुवारी मी नगर परिषदेत अर्ज दिला, की त्या नकाशावरच्या दोन्ही सह्या माझ्या नाहीत. त्याची पोच सोबत जोडली आहे. शार्दूलला निरोप पाठवला, की माझ्या ऑपरेशनच्या आत त्याने तो नकाशा स्वतः मागे घ्यावा. मी पोलिसांत गेलेले नाही. मी परत आले नाही आणि नकाशाही मागे घेतला गेला नाही, तर माझे वकील दर्शन पिलणकर यांनी हा कागद घेऊन पोलिसांत जावं. मेलेल्या माणसाला सही नाकारता येत नाही, म्हणून जिवंतपणी नाकारून ठेवते.

कलम ६. वाटणी पुढीलप्रमाणे.

माझ्या जमिनीच्या मागच्या हद्दीलगत पऱ्याची जी वाट आहे, ती दहा फूट रुंदीची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आळीत अजून राहत असलेल्या नऊ घरांच्या मालकांना समाईक मालकीने द्यावी. सगळी जमीन एकाला देऊन पऱ्या न बुजवण्याची अट घालावी असं आधी मनात होतं. वकील म्हणाले, अटींवर पुढे कज्जे होतात. म्हणून अट नाही, जागाच दिली. आता नऊ जणांच्या सह्या मिळवल्याशिवाय तिथे कोणाला मातीची पाटी टाकता येणार नाही.

घर, बाकीची जमीन आणि बँकेतल्या ठेवी सावनीला, तिच्या एकटीच्या नावे. "तुझं नाव लिहू का? घरात त्रास होईल," असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. तो होतोच आहे." हे घर तिने तसंच ठेवावं असा माझा आग्रह नाही. नवं बांधायचं तर बांधावं. बांधणाऱ्याने आधी आळीत फिरून माणसांना विचारावं, ओटे मोजावेत, एक पावसाळा इथे काढून पाणी कुठून जातं ते पाहावं, मग पेन्सिल हातात घ्यावी. कौलं नसली तरी चालेल.

ऑफिसातलं टेबल, कॉम्प्युटर आणि पुस्तकं शार्दूलला. रेषेवर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला आहे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, ती माझी कंजुषी. माझा शिक्का त्याला नाही. तो पाकिटात बंद करून वकिलांकडे दिला आहे, त्यांनी मोडून टाकावा.

प्रशस्तिपत्राची फ्रेम सागवानी आहे, ती सावनीच्या शाळेला उपयोगी पडेल. आतला कागद कोणी जपू नये.

कलम ७. साक्षीदारांविषयी. सदूला सांगितल्यानंतर तीन दिवस तो ओट्यावर दिसला नाही. आळीतली माणसं मला पाहून आत जात होती. त्याने सांगितलं असणार, आणि ते योग्यच होतं. कोल्हापूरला जाण्याआधी त्याचं तोंड दिसेल असं मला वाटत नव्हतं. काल संध्याकाळी फाटक वाजलं. तो पायरीशीच उभा राहिला.

"कागद करताव म्हणून सावनी बोलली."

"करतेय."

"कमळाचं सगळं लिवणार काय त्यात?"

"सगळं."

"मला काय ठेवताव?"

मी म्हटलं, पऱ्याकडची पट्टी तुमच्या एकट्याच्या नावे करावी असं मनात आहे.

"नको. माझं घर मुलीच्या नावावर केलंय, वाटा काय तो तिला जाऊ दे. मी घेतलं तर साक्षीला उभा राहता येणार नाय. मला साक्षीला राहायचंय. पण वाचल्याबिगर सही करणार नाय."

"सदूभाऊ, मला माफ..."

"ते नका बोलू. ते माझ्यानं व्हायचं नाय." तो पुढे म्हणाला, "कोल्हापुरास्नं परत या आणि पऱ्याची मोजणी लावा. तेवढं करा."

आज सकाळी तो चष्मा घेऊन आला आणि कच्चा मसुदा वाचायला बसला. त्याला दीड तास लागला. कमळा गेली त्या वाक्यात मी "दुर्दैवाने" असा शब्द घातला होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे काढा." या पक्क्या प्रतीत तो शब्द नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करून पुरं केलं.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) लीला दत्तात्रय नेरूरकर

साक्षीदार १: डॉ. श्रद्धा विनायक पाथरे, रत्नागिरी. लीलाताईंना मी आज तपासलं. त्या पूर्ण शुद्धीत आणि सावध आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: सदाशिव गोविंद भाटकर, वय ७४, पऱ्याची आळी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी सगळा कागद वाचला. यात जिचं नाव आहे ती कमळा माझी बायको. (सही)