पाठीवरचं गळू, नाकातला भाडेकरू

नारपोली, भिवंडी
रविवार

आदरणीय आक्का,

सविनय जयभीम. तुझे गुडघे, भावजींचा खोकला (तो त्यांचा आजार नसून स्वभाव आहे, हे मी तीस वर्षं सांगतोय) आणि खोपोलीची हवा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. माझी तब्येत म्हणशील तर पुढून ठणठणीत आहे, मागून बिघडली होती. हे पत्र खुर्चीवर उलटा बसून लिहितोय, पाठीला काही टेकू नये म्हणून, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुला एक गोष्ट विचारायची आहे. आठवडाभर ती मनात घेऊन फिरतोय, जेवण जात नाही. धीर झाला तर शेवटी विचारीन. पण तू पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होतीस आणि अर्धवट सांगितलेलं तुला खपत नाही, म्हणून आधी सगळं पहिल्यापासून ऐक.

गेल्या महिन्यात माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध एक गळू आलं. जागा अशी निवडली की वरून हात पोचत नाही आणि खालूनही नाही. चंपा असती तर पुळी असतानाच तिने पकडलं असतं. आंघोळीनंतर माझी पाठ तीच पुसायची (आणि पुसता पुसता अख्ख्या चाळीची उणीदुणी काढायची). तिला जाऊन दहा महिने झाले, आणि या दहा महिन्यांत माझी पाठ कुणी पाहिलेली नाही, मीसुद्धा नाही. दोन आरसे समोरासमोर धरून पाहिलं तर मानेत उसण भरली. मग बंगळुरूला सुगतला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मागे धरला. पोरगा म्हणतो, बाबा, भिंत दिसतेय. जरा वळलो तर म्हणतो, आता पंखा दिसतोय. शेवटी, काही नाही रे, सहज केला होता, म्हणून फोन ठेवला. पण फोन ठेवल्यावर मला फार एकटं वाटलं, आक्का, ते तुला सांगायला हरकत नाही.

मग लडकू आला. लडकू म्हणजे माझ्याबरोबर वीस वर्षं एकाच कारखान्यात जॉबर असलेला. आम्हा जॉबर लोकांना, म्हणजे कापड विणायचे लूम दुरुस्त करणाऱ्यांना, एक खोड आहे. बिघडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात, मग ते मशीन असो की माणूस. "आरं, डाक्टर कनाला, मी हाय ना," असं म्हणून त्याने खिशातून धाग्याची तार ओढायचा बारीक हुक काढला, पँटीला पुसला (वाचायचं थांबवू नकोस, पुढे याहून वाईट आहे), गळवाला टोचला आणि दोन्ही अंगठ्यांनी गळू असं दाबलं की मला कशेळीची खाडी आणि तिच्यापलीकडचं ठाणं एकदम दिसलं. मी ओरडलो तर मलाच म्हणतो, "रडतस कनाला? मोकला झाला ना आता!" मोकळं कसलं होतंय. पू थोडा बाहेर आला आणि जास्त आत गेला, हे नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. लडकूचा राग येत नाही. माझ्या पाठीला हात लावायला दुसरं होतं कोण?

डॉक्टरीणबाई म्हणजे धामणकर नाक्याजवळच्या डॉक्टर करिष्मा. वयाने आपल्या सुगतएवढ्या, पण बोलणं थेट तुझं. त्यांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि संपवल्याशिवाय थांबायचं नाही असं तीनदा बजावलं. तिसऱ्या दिवशी ठणका गेला. आता आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की चालू लूमला हात लावायचा नाही. तीस वर्षं याच नियमावर पोट भरलं. तेव्हा पाठ चालू झाली असं समजून मी गोळ्या थांबवल्या आणि उरलेल्या लडकूला दिल्या, त्याची दाढ दुखत होती म्हणून. (त्याची दाढ अजून दुखते.) आठ दिवसांत गळू परत आलं, लिंबाएवढं, आणि येताना हुडहुडी भरणारा ताप घेऊन आलं. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी मी थरथरतोय हे पाहून आपली ओढणी माझ्या अंगावर टाकली. कोण कुठल्या, त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन गळू फाडलं, सगळा पू काढला, खड्ड्यात औषधाची पट्टी भरली आणि थोडा पू तपासायला पाठवला. तिथे म्हणे ते जंतू वाढवतात आणि कुठल्या औषधाने मरतात ते पाहतात. तीन दिवसांनी कळलं की आधीच्या गोळ्यांना हा जंतू भीकच घालत नाही. तिसऱ्या दिवशीचा आराम गोळ्यांचा नव्हता, लडकूने थोडा पू काढला होता त्याचा होता. जंतू रक्तापर्यंत जाऊ नये म्हणून चार दिवस सलाइनमधून दुसरं औषध दिलं, आणि मगच घरी सोडलं. स्टॅफिलोकोकस असं त्याचं नाव. तुला पाठ असेल. मला मात्र त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा द्राक्षांचा घड दिसला. एवढ्या गोजिरवाण्या वस्तूने मला पालथं पाडलं याची लाजच वाटली.

मग त्या म्हणाल्या, काका, हा बाहेरून आलेला नसेलही. चांगल्या धडधाकट माणसांच्या नाकात, कातडीवर तो मुकाट राहतो, तिघांतल्या एकाच्या तरी. कातडी फाटली की आत शिरतो. त्यांनी माझ्या नाकात कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवली, आणि निघाला की तिथे! बिनभाड्याचा भाडेकरू, कधीपासून राहतोय देव जाणे (देवाला आपण मानत नाही, पण सवय जात नाही). नाकात लावायला पाच दिवसांचं मलम दिलं, आंघोळीला औषधी साबण, टॉवेल वेगळा आणि गरम पाण्यात धुतलेला, आणि हात, हात, हात धुवा. मी हसत होतो. मग त्या सहज बोलून गेल्या की साखर असलेल्या माणसाच्या जखमेत तो गेला तर फार कठीण जातं. पुढचं मला ऐकूच आलं नाही. शेअर रिक्षा समोर उभी होती तरी मी नाक्यावरून घरापर्यंत चालत आलो, जखम ओढत होती तरी.

आता जखम भरत आली आहे. ड्रेसिंगला रोज तिथेच जातो, लडकूला सक्त मनाई आहे. तू काळजी करू नकोस, गुडघे सांभाळ, भावजींना माझा जयभीम सांग.

तुझा धाकटा,
बाळाराम

ता.क. सुगतला यातलं काही कळवू नकोस. त्याला फक्त भिंत आणि पंखा माहीत आहे.

ता.क. २. वर लिहिलं की विचारीन, आणि विचारलं नाही. पाकीट चिकटवून पुन्हा फाडलं, आता विचारतो. चंपाच्या पायाला चपलेने जखम झाली, तेव्हा तिची साखर तीनशेच्या घरात होती. त्याच जखमेने ती गेली, तोवर चार महिने रोज शिफ्टवरून येऊन मीच पट्टी बदलली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तू येते म्हणालीस तर तुलाही नको म्हणालो, आणि शोकसभेत तू चारचौघांत म्हणालीस की बाळारामाने केली तशी सेवा कुणी केली नाही. हात मी धूत होतो, आक्का, पण कधी धुतले, कधी नुसते पुसले. परवा तिचे शेवटचे कागद काढले आणि माझ्या कागदाशेजारी ठेवून एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं. जंतूचं नाव तेच आहे. डॉक्टरीणबाईंना दोन्ही दाखवले. म्हणाल्या, तिच्या स्वतःच्या कातडीवरचाही असेल, दवाखान्यातलाही असेल, आता कुणालाच सांगता येणार नाही, काका, तुम्ही तो विचार करू नका. मी दुसरा कुठला विचार करू? तू एवढी जखमांची माणसं पाहिलीस. तू मला लिही की ते माझ्या हाताने झालं नाही. फोन करू नकोस, फोनवर तुला खोटं बोलता येत नाही, मला आवाजावरून कळतं. कागदावर लिही. कागदावर लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन.