नाजूकाचा पट्टा

१४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचा जुना नंबर आता भलत्याच बाईकडे गेलाय. ती बिचारी माझा आवाज ओळखायला लागली. शेवटी गाड्या रंगवणाऱ्या तुमच्या मित्राकडून पत्ता मिळवला.

आधी गाड्यांचं सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

ह्यांचा अमेरिकन रेडा मजेत आहे. पितो तसाच, गळतोही तसाच. पहिल्या फटक्यात उठतो आणि स्वयंपाकघरातल्या बरण्या हलतात. मागच्या महिन्यात त्याच्या पाण्याच्या पंपाची गळती मी स्वतः बंद केली. हसू नका. बॉनेटखाली माणूस उभा राहील एवढी जागा, दोन-चार पाने आणि थोडा राग असला की त्याचं काम होतं. तुम्ही त्याला ट्रक म्हणायचात. मग हे चिडून तुमच्या युरोपियन गाडीचा उद्धार करायचे. साध्या कामाला इंजिन खाली उतरवा, वेगळी हत्यारं मागवा, थंडीत तेल गरम होईपर्यंत बाईसाहेबांची मनधरणी करा. नाजूका हे नाव ह्यांनीच ठेवलं. पण वळणावर ती रेड्याला लाज आणते, हेही कबूल करायचे. तुमच्या मागे.

आता रेडा मी का सुरू करते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल.

ह्यांना जूनमध्ये झटका आला. आधी कसलीच कुरकुर नव्हती. सकाळी वर्कशॉप उघडलं, चहा मागितला आणि कप हातातून सुटला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. तिथून गॅरेज दिसतं, म्हणून. पण हे छताकडे बघत राहायचे. मी काय बोलले ते कळतंय की नाही, तेही कळेना.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. ती म्हणाली, त्यांच्या आवडीचे आवाज ऐकवा. मी रोज रेडा सुरू करायला लागले. सगळी गल्ली जागी व्हायची, हे मात्र ढिम्म. मग मला तुमची गाडी आठवली.

भाऊजी, तुम्ही गाडी इथेच ठेवून वर्कशॉप सोडून निघालात त्या दिवशीचं भांडण मी दारात उभं राहून ऐकलंय. हे म्हणाले, "माझ्या भरवशावर टाकून चाललायस ना? मी तिला हात लावणार नाही." तुम्ही म्हणालात, "लावूच नकोस." दोघेही शब्दाचे पक्के, त्यात माझं मरण. सहा वर्षं ह्यांनी तिच्या इंजिनाला हात लावला नाही. टायरमध्ये हवा भरायचे, बॅटरी चार्जरला लावायचे. मी चिडवलं, "हे काय मग, पाय लावणं का?" तर म्हणाले, "इंजिनाला नाही ना लावत." सुरू मात्र करू द्यायचे नाहीत. मला वाटलं, हट्ट आहे.

तो हट्ट नव्हता. ते मला मागच्या सोमवारी कळलं.

मी नाजूकाचं कव्हर काढलं, किल्ली फिरवली. खोकत खोकत उठली. तुम्ही करायचात तसा मी जरा पाय दाबला आणि तो तिचा उंच, गाणारा आवाज निघाला. खिडकीत पाहिलं तर हे डाव्या हाताने काचेवर थापा मारत होते. तोंडाने काहीतरी ओरडत होते. मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागले. आणि अजून जोरात पाय दाबला.

आत काहीतरी कडाडलं. मग सगळं गप्प.

मी धावत घरात गेले. हे घामाने भिजले होते. म्हणाले, "पट्टा."

शेजारच्या वर्कशॉपचे मालक येऊन बघून गेले, त्यांनी समजावलं. रेड्याच्या इंजिनात साखळी असते. ती सैल झाली की महिनोन्‌महिने खडखडते, सगळ्यांना कळतं. नाजूकाच्या इंजिनात रबराचा पट्टा आहे. गाडी नुसती उभी राहिली तरी तो म्हातारा होतो आणि काही न सांगता तुटतो. मग आतलं सगळं एकमेकांवर आदळतं. तुमचं इंजिन गेलं, भाऊजी. दुरुस्त होण्यासारखं नाही. माझ्या हातून गेलं. नवा पट्टा ह्यांनी कधीचाच आणून ठेवला होता. मालकांना म्हणाले होते, "धाकटा आला की दोघं मिळून बसवू." तो डबा अजून उघडलेलाही नाही.

आयुष्यभर साखळीची गाडी चालवली ह्यांनी, आणि स्वतः मात्र पट्ट्याचे निघाले. खडखडले असते तर मी ऐकलं नसतं का?

आता ह्यांना तो एकच शब्द येतो. पाणी हवं, पट्टा. खांदा दुखतो, पट्टा. संध्याकाळी दाराकडे बोट करून विचारतात, "पट्टा?" तो मात्र कशाबद्दलचा, हे मला कळतं. मी म्हणते, येतील.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो आधी सांगून येणार नाही.

पत्र टाकायला आठवडा लावला. गाडीचं लपवलं तर निदान गाडीसाठी तरी याल, असं मनात आलं होतं. पण खोटं बोलून तुम्हाला बोलवायचं नाही. तुम्हाला नेण्यासारखं इथे आता काही उरलेलं नाही. रागवायचं तर माझ्यावर खुशाल रागवा, पण इथे येऊन रागवा.

आलात की हॉर्न वाजवू नका, हे दचकतात. पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची ठेवली आहे, तिथे बसा. तो हात अजून ह्यांचा आहे.

वाट बघणारी,
तुमची वहिनी