रिकामा डबा

१४ एप्रिल
ओजिमातल्या फ्लॅटचा दहावा मजला सुटला एकदाचा. क्योतोच्या उत्तरेला, डोंगरालगत हे लाकडी घर आणि मागे चक्क परस. डोंगरातून झिरपणारं पाणी थेट वाफ्यात येतं. प्रसन्न म्हणाला, बाग मिळाली, आता तुला नवऱ्याची गरज उरली नाही. दुकानातले सातोइमो, म्हणजे आपल्या अळूचेच कंद, मी आल्या आल्या पुरले. तिसरा महिना लागलाय. आधीची दोन्ही बाळं राहिली नाहीत, म्हणून ही शांत जागा. मागच्या पायवाटेवर पाच दगडी जिझो आहेत, लाल लाळेरी बांधलेले. शेजारच्या मोरितासान म्हणाल्या, जन्माला न आलेल्या बाळांचे राखणदार. मी तिकडे फार बघितलं नाही.

९ जुलै
अळू कमरेएवढं झालंय. डोहाळे अळूवडीचेच, एक दिवसाआड करते. मोरितासानना डबाभर दिल्या. सत्तरी उलटलेली एकटी बाई, अंगणात सगळं कुंड्यांतून लावते. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे मी गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं. डब्यातून सेंबेई, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, आल्या.

२ ऑगस्ट
आज जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. इथे पिशव्या पारदर्शक, कुणाचं काही झाकत नाही. मोरितासानच्या पिशवीत माझ्या परवाच्या अळूवड्या. सगळ्या, न चाखलेल्या. सुजलेल्या पायांवर उभं राहून मी वळायच्या, तळायच्या, आणि बाईंनी अशा फेकायच्या. नको होत्या तर सांगायचं होतं. आता त्यांचं तोंड बघणार नाही. डबाही राहू दे त्यांनाच.

१९ ऑगस्ट
त्यांनी तीनदा बेल वाजवली. मी उघडलं नाही. अंगात त्राण नाही, त्यात हसून कोण बोलणार. मानेवर पुरळ उठलंय. डॉक्टर म्हणाले, उकाड्याचं असेल. जेवायला अळूवडीच केली, दुसरं काही जात नाही.

६ सप्टेंबर
मोरितासाननी प्रसन्नला बसस्टॉपवर गाठलं. तो आला तो पांढराफटक. त्यांचे यजमान इथल्या जंगलात कामाला होते. व्हिएतनामच्या युद्धात झाडांची पानं झडवायला जे विष फवारलं, त्याच जातीचं तणनाशक इथेही यायचं. ओरड झाल्यावर उरलेले डबे डोंगरात पुरले. आपल्या परसाच्या वर. यजमान कर्करोगाने गेले. पाच जिझोंपैकी दोन मोरितासानचे. पानं परसातली आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला तोडताना पाहिलं तेव्हा कळलं. म्हणून वड्या टाकल्या. म्हणून बेल.
पहिल्या बेललाच उघडलं असतं तर —

७ सप्टेंबर
अळू उपटलं. कुठल्या कचऱ्यात टाकू, कळेना. डॉक्टर सोमवारी बघणार. तोवर बाळाच्या हालचाली मोजा म्हणाले. दोन तासांत दहा. आज सात झाल्या. थकलेय फार.

८ सप्टेंबर
सकाळपासून दोन. प्रसन्न टॅक्सी बघायला गेलाय.
दाराशी डबा. या वेळी बेल नाही. हलका आहे. रिकामा देत नाहीत हे मीच —
उघडला.
लाल. नवं लाळेरं, हाताने शिवलेलं.
नको. मोजतेय मी अजून. तीन. आत्ता हललं ना, हे तीनच ना, हल —